तोंडाचा कॅन्सर, प्रकाशाचा उपचार आणि आपल्या घरातली बॅटरी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील आरोग्य सत्रात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या गटांना सभेला येता आले नाही, त्यांच्यासाठी येथे देत आहोत. मासिक बैठकीत वाचून दाखवावे.)



दरवर्षी मी इथे उभी राहते ती कर्जफेडीचे आकडे सांगायला. आज आकडे कमी आणि एक कबुली जास्त आहे. ती आधी देते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी होईन.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. एका माणसाच्या तोंडात लाल उजेड सोडलाय, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘आता ऑपरेशनची गरज नाही, नॅनो कण आणि प्रकाशाने तोंडाचा कॅन्सर बरा.’ मला आनंद झाला. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या किती जणी, तंबाखू खाणारे किती जण! मी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही, कुठला आहे ते विचारलं नाही, आणि आपल्या पाच गावांच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं.

आपल्याच एका गटातल्या ताईंनी तो पाहिला. त्यांच्या गालाला आतून पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध न भरणारी जखम. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना तुकडा काढून तपासायची, म्हणजे बायोप्सीची, तारीख दिली होती. ताई त्या तारखेला गेल्याच नाहीत. घरी म्हणाल्या, “मॅडमनी पाठवलंय, आता उजेडानं बरं होतं. उगीच चाकू कशाला लावून घेऊ?” पाच आठवडे गेले. मासिक बैठकीत त्या भाकरीचा तुकडा चहात बुडवून खात होत्या, तेव्हा मी सहज विचारलं आणि मला सगळं कळलं. खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. ताई आज या मंडपात बसलेल्या आहेत. कुठे, ते मी सांगणार नाही, पण हे सगळं सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. म्हणाल्या, “सांग, पण माझं नाव नको घेऊ, आणि तुझं लपवू नको.” त्या पाच आठवड्यांत जखम किती वाढली, ते आता कुणीच सांगू शकत नाही. ते ओझं माझ्याकडे राहील.

त्यानंतर मी ठरवलं की हा प्रकाशाचा उपचार आहे तरी काय, ते नीट समजून घ्यायचं आणि तुम्हाला सांगायचं. कारण गंमत अशी आहे बायांनो, की तो व्हिडिओ पूर्ण खोटा नव्हता. अर्धा खरा होता. अर्धी खरी गोष्ट पूर्ण खोटीपेक्षा जास्त फसवते.

हा उपचार चालतो कसा?

आपल्या गटाच्या बँक खात्यातून पैसे काढायचे तर एकटी अध्यक्ष काढू शकते का? नाही. अध्यक्ष आणि सचिव, दोघींच्या सह्या लागतात. एक सही असेल तर पैसे खात्यातच राहतात. हा उपचारही तसाच आहे. पहिली सही औषधाची, दुसरी उजेडाची.

रुग्णाला एक खास औषध देतात. नुसतं ते औषध अंधारात फारसं काही करत नाही. नुसता उजेडही काही करत नाही. पण औषध पेशींत पोचलं आणि त्यावर ठराविक रंगाचा उजेड पडला, की औषध जागं होतं. आपल्या शरीरात जो प्राणवायू असतो, त्याचं ते क्षणभर एका फार तापट रूपात रूपांतर करतं. तो तापट प्राणवायू जवळच्या पेशींना जाळून टाकतो, पण तो फार लांब जात नाही. म्हणून जिथे औषध आणि उजेड दोन्ही आहेत, तिथेच नुकसान होतं. बाकीचं तोंड बऱ्यापैकी वाचतं. याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. आपण प्रकाशाचा उपचार म्हणू.

ही कल्पना आजची नाही. १९०० साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात ऑस्कर राब नावाचा वैद्यकीय विद्यार्थी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर एका रंगद्रव्याचा प्रयोग करत होता. त्याला दिसलं की तेच रंगद्रव्य, तेवढंच प्रमाण, पण उजेडात जीव लवकर मरतात आणि अंधारात तगतात. तिथून हे शास्त्र सुरू झालं. आपल्याकडे तर कोडावर बावचीचं बी लावून उन्हात बसायची पद्धत फार जुनी आहे. तिचं काम वेगळ्या रीतीनं चालतं, पण ‘औषध अधिक ऊन’ हा हिशोब तोच. (घरी कुणी करू नका, बावचीनं कातडी भाजते.)

उजेड किती खोल जातो? आत्ताच करून बघा

सगळ्यांनी मोबाईलची बॅटरी लावा. बोटाचं टोक त्यावर घट्ट धरा. काय दिसतं? बोट लाल दिसतं. बॅटरीचा उजेड पांढरा आहे, मग बोट लाल का? कारण बाकीचे रंग रक्तमांसात अडकून राहतात, लाल तेवढा पार जातो. म्हणूनच या उपचारात बहुतेक वेळा लाल उजेड वापरतात.

आता तोच मोबाईल मांडीला लावा. पलीकडून काही दिसतंय? नाही. कारण लाल उजेडही काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटीमीटर इतकाच खोल कामाचा राहतो. म्हणजे आपल्या नखाएवढा. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं आजचं भाषण वसूल झालं. जखम लहान आणि वरवरची असेल, तर उजेड तिच्या मुळापर्यंत पोचतो. गाठ खोल गेली, हाडाला लागली, मानेत उतरली, की बाहेरून टाकलेला उजेड तिथे पोचत नाही.

हे आज कुठे आणि कुणाला मिळतं?

युरोपात २००१ साली असं एक औषध डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. पण ते कुणासाठी? ज्यांचा आजार पुढे गेलाय आणि ज्यांच्यावर बाकीचे उपचार चालले नाहीत, त्यांचा त्रास कमी करण्यासाठी.

जपानमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये एका नव्या औषधाला मंजुरी मिळाली. ते शिरेतून देतात आणि दुसऱ्या दिवशी लाल उजेड टाकतात. गाठ खोल असेल तर सुईसारख्या बारीक नळ्या आत घालून त्यांतून उजेड नेतात. तिथेही ते ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही किंवा ज्यांचा कॅन्सर उलटून आलाय, अशांसाठी आहे. नंतर दुखतं, सूज येते, आणि काही आठवडे कडक उन्हापासून जपावं लागतं. आपल्यासारख्या खुरपणीला जाणाऱ्या बाईला विचारा, काही आठवडे ऊन टाळायचं म्हणजे काय ते. म्हणजे ‘काही त्रास नाही’ असं जे व्हिडिओत म्हटलं होतं, तेही खरं नाही.

आता आपल्या देशातलं सांगते, कारण हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. उत्तर प्रदेशात अलीगढच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांसोबत एक अभ्यास झाला. त्या गटात डॉ. तय्यबा हसन होत्या. प्रकाशाच्या उपचारात जगभर ज्यांचं नाव आदरानं घेतात, अशा या बाई. त्यांनी महागड्या लेझर यंत्राऐवजी साधा एलईडीचा दिवा घेतला, कुठेही उचलून नेता येईल असा. तोंडात नीट बसेल अशी दिव्याची टोकं छापून घेतली. रुग्णाला पोटात औषध दिलं. त्या औषधामुळे रोगट भाग निळ्या उजेडात लालसर चमकतो. तो स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यातून पाहायचा आणि मग लाल उजेड टाकायचा. गालाच्या आत लहानसा कॅन्सर असलेले ३० रुग्ण त्यात होते आणि त्यातले काही गावच्या तपासणी शिबिरातून सापडलेले होते. बहुतेकांची जखम या उपचारानं गेली, काहींची पूर्ण गेली नाही.

पण कोणते रुग्ण घेतले होते, ते पुन्हा ऐका. गाठ दोन सेंटीमीटरपर्यंतची, मानेत न पसरलेली. म्हणजे जे वेळेवर सापडले होते ते.

मग ते नॅनो कण काय आहेत?

व्हिडिओत सगळ्यात मोठं नाव नॅनो कणांचं होतं. ते इतके लहान असतात की आपल्या एका केसाच्या जाडीत असे पाचशे ते हजार कण शेजारी शेजारी बसतील.

त्यांची गरज का पडली? या औषधांपैकी बरीचशी पाण्यात नीट मिसळत नाहीत. बेसन थंड पाण्यात टाकलं की कशा गुठळ्या होतात, तसं. गुठळी झाली की औषध उजेडानं नीट जागं होत नाही. दुसरं म्हणजे औषध सगळ्या अंगभर पसरतं, म्हणून नंतर ऊन सोसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवलं, औषध एका बारीक डबीत भरू. ती डबी कधी चरबीची करतात, कधी सोन्याच्या कणांची, कधी आणखी कशाची. आणि तिच्यावर पत्ता लिहू. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर एका प्रकारच्या खुंट्या नेहमीपेक्षा जास्त असतात. त्या खुंटीलाच अडकेल असा आकडा डबीला लावला, की डबी नेमकी तिथे जाऊन बसेल, अशी ती योजना.

चरबीच्या डबीतलं प्रकाशाचं औषध एका आजारात वापरातही आहे. अमेरिकेत २००० साली ते डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी मंजूर झालं, आणि त्यातही डॉ. हसन यांचं मोठं काम होतं. म्हणजे कल्पना हवेतली नाही.

पण तोंडाच्या कॅन्सरसाठी पत्ता लिहिलेले हे नॅनो कण आज मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर. अडचण कुठे आहे, ते सांगते. कण रक्तात सोडले की आपलं यकृत आणि प्लीहा त्यातले बरेचसे पकडून ठेवतात. २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी आधीच्या दहा वर्षांतले असे अभ्यास एकत्र करून पाहिले. साधारणपणे शंभर भाग औषध सोडलं, तर गाठीपर्यंत एक भागही पोचत नव्हता. शंभर पत्रं पेटीत टाकली आणि एकसुद्धा धड पोचलं नाही, अशी गत. शास्त्रज्ञ त्यावर काम करत आहेत, आणि करावंच. आपल्या मुलींच्या काळात कदाचित हे तालुक्याला मिळेल. पण आज आपल्या ताईला डॉक्टरांनी जी तारीख दिली आहे, त्या तारखेच्या जागी हे ठेवता येत नाही.

म्हणून तीन प्रश्न

आता माझ्याकडे असा मेसेज आला की मी पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा.

एक, हे माणसांवर झालंय की उंदरांवर?

दोन, केवढ्या आणि कुठल्या टप्प्यावरच्या आजारावर झालंय?

तीन, माझ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या उपचाराऐवजी आहे, की तो संपल्यावर किंवा चालत नसेल तर आहे?

उत्तर मिळालं नाही तर मेसेज तिथेच थांबवायचा. आणि हातातली तारीख कधीही मोडायची नाही. “चाकू लावला की कॅन्सर पसरतो” असं आपल्याकडे म्हणतात. पसरतो तो चाकूमुळे नाही, उशिरामुळे. तुकडा तपासल्याशिवाय तो कॅन्सर आहे की नाही, हेच कळत नाही. तोंडाच्या कॅन्सरला आज पहिला उपचार बहुधा ऑपरेशनच आहे, गरजेप्रमाणे पुढे शेक आणि केमो. लहान असताना केलं तर कापायचंही थोडंच.

आता आपल्या बॅटरीबद्दल

जपानचा दिवा आपल्याकडे नाही. पण एक उजेड आहे आणि तो सगळ्यांच्या घरात आहे.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. सुमारे १ लाख ९० हजार माणसं त्यात होती. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांच्या तोंडात उजेडात नीट पाहिलं. संशय आला तर दवाखान्यात पाठवलं. बस, एवढंच. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये, जिथे तपासणी झाली तिथे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. लाखो रुपयांच्या यंत्राने नाही, डोळ्यांनी आणि उजेडाने.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार लोकांना ओठ-तोंडाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार गेले. यातले कितीतरी उशिरा दवाखान्यात पोचतात. आपण उशीर करायचा नाही.

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, हे करा:

• चूळ भरा. कवळी असेल तर काढा. आरशासमोर बसा, बॅटरी हातात घ्या. दिसत नसेल तर जावेला, सुनेला पाहायला सांगा.

• ओठ उलटून पाहा. दोन्ही गाल आतून ओढून पाहा, विशेषतः मशेरी किंवा तंबाखू जिथे धरता ती जागा.

• जीभ बाहेर काढा, दोन्ही कडा पाहा. जीभ वर उचलून तिच्या खाली पाहा. टाळू पाहा.

• तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर तोंड आखडतंय.

• जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपा. गाठ लागते का?

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट लागताच होणारी आग, उगीच हलणारा दात, गिळताना अडकणं किंवा मानेतली गाठ. यातलं एक जरी असलं तरी घाबरायचं नाही आणि थांबायचंही नाही. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण तो कॅन्सर नाही हे डॉक्टरांनी सांगायचं असतं, शेजारणीनं नाही.

कुठे जायचं? तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आपल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. आशाताईंना सांगा. पुढे मोठा उपचार लागला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि योजनेच्या दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा.

आणि मशेरी. मला माहीत आहे, हे ऐकायला कुणाला आवडत नाही. माझी आजी पहाटे तव्यावर तंबाखू भाजायची. त्या वासानं आम्ही उठायचो. ती म्हणायची, “मशेरी म्हणजे काय व्यसन आहे का? दात घासते मी.” आपण तंबाखू खाणाऱ्या पुरुषाला नावं ठेवतो, आणि दिवसातून चार वेळा ‘दात घासतो’. तव्यावर काळी केली म्हणून तंबाखू तंबाखूच राहते. एकदम सुटत नसेल तर रोजच्या चार वेळांतली एक कमी करा, मग दुसरी. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. लिहून घ्या, आणि घरातल्या पुरुषांनाही द्या.

माझी मागणी

आपण बचतीचा हिशोब दर महिन्याला चुकवत नाही. तशीच एक ओळ कार्यवृत्तात वाढवू या. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, की दहा मिनिटं बॅटरी काढायची आणि दोघी-दोघींनी एकमेकींच्या तोंडात पाहायचं. कुणाला काही दिसलं तर पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत गटातली एक जण दवाखान्यात जाईल. गाडीभाडं नसेल तर गटातून अंतर्गत कर्ज, बिनव्याजी. सोबत असली की तारीख चुकत नाही. आपल्या त्या ताईंची पहिली तारीख एकटीनं जायचं होतं, म्हणूनही चुकली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आज त्या ताई मऊ भात, घट्ट वरण खातात. भाकरी अजून कुस्करूनच. रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करतात. परवा त्यांनी बोटं तोंडात घालून मला दाखवलं, “बघ, अडीच बोटं झाली.”

प्रकाशाचा उपचार एक दिवस आपल्यापर्यंत येईल, अशी मला आशा आहे. पण तोही लहान जखमेलाच जास्त कामाचा असणार आहे, हे आज आपण आपल्या बोटावर बघितलं. मग ती जखम लहान असतानाच शोधायचं काम कुणाचं? आपलं.

हा ठराव आज मांडते. मंजूर असेल तर हात वर करा. आणि वर केलेल्या हातात बॅटरी असू द्या.



(ठराव सर्वानुमते मंजूर झाला. पुढील महिन्यापासून प्रत्येक गटाने कार्यवृत्तात ‘तोंड तपासणी’ अशी ओळ लिहावी.)